बाटलीवर दोन आडनावं आणि मधे आडवी रेघ: घरच्या वाइनरीला नाव पडतं कसं?

वेलीखालची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमच्या घरात दोन पिढ्या द्राक्षं लावतात आणि आजपर्यंत सगळा माल दुसऱ्यांच्या वाइनरीत जायचा. आता बाबा, काका आणि आत्या अशा तिघांनी मिळून स्वतःची छोटी वाइनरी काढायचं ठरवलं, टाक्या आल्या, द्राक्षं पिळायचा प्रेस आला, लेबलवाला एक दिवसाआड फोन करतोय आणि अडलंय कुठे तर नावावर. चार महिने झाले!! बाबा म्हणतात आडनाव लावा आणि मोकळे व्हा. काका म्हणतात, उद्या पोरांच्यात वाटण्या झाल्या की ते आडनाव कुणाच्या वाट्याला जाणार? आत्या म्हणते, माझं आडनाव बदलून तीस वर्षं झाली, मी पैसे घालायचे आणि पाटी तुमची? (तिचं बरोबर आहे, पण हे मी घरात मोठ्याने बोललेले नाही.) चुलतभावाला 'शातो अमुकतमुक' हवंय कारण ते भारी वाटतं.

कृपा करून नावं सुचवू नका, नावांची वही भरलीय. मला हे विचारायचंय की ज्या घराण्यांनी हे आधी केलं त्यांना त्यांची नावं मिळाली कशी? परवा एका फ्रेंच बाटलीवर दोन आडनावं आणि मधे आडवी रेघ बघितली, ते दोन भागीदार असतील का? जाणकारांनी लिहा, मी सगळं घरच्या ग्रुपवर टाकणार आहे.

जुना_बुधला

ती आडवी रेघ म्हणजे बहुतेक वेळा लग्न. भागीदार नाही, नवराबायको.

फ्रान्सच्या बर्गंडी भागात हा प्रकार फार. तिथे वारसाहक्काच्या कायद्याने जमीन सगळ्या मुलांत वाटली जाते, पिढ्यानपिढ्या तुकडे पडत जातात, आणि मग एकाच गावात एकाच आडनावाचे चारपाच वाइनवाले होतात, सख्खे चुलत सगळे, गिऱ्हाइकाला कोण कुठला कळत नाही. मग बायकोचं माहेरचं आडनाव मागे जोडायचं. कोश-द्युरी हे त्यातलं मोठं नाव, कोश नवऱ्याकडचं आणि द्युरी बायकोकडचं. बहुतेकदा बायको नुसतं नाव नाही तर माहेरच्या वेलींच्या चार ओळीसुद्धा घेऊन आलेली असते, म्हणजे ती रेघ खरं तर सातबाऱ्यावरची नोंदच म्हणा ना.

गंमत अशी की तिकडच्या गावांनीपण हेच केलं. जेव्हरे गावाने १८४७ साली आपल्या सगळ्यात नावाजलेल्या शांबेर्तां या मळ्याचं नाव स्वतःला चिकटवून घेतलं, झालं जेव्हरे-शांबेर्तां. ते बघून शेजारच्या गावांनीही तोच उद्योग केला. माँराशे हा मळा दोन गावांच्या शिवेवर येतो तर प्युलिनी आणि शासान्य दोघांनीही तेच नाव लावून टाकलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

आडनावाबद्दल तुमच्या बाबांच्या बाजूने एकच सांगतो, फ्लोरेन्सचे आंतिनोरी. १३८५ मध्ये त्या घरातला एक जण वाइनवाल्यांच्या संघात दाखल झाला, तिथपासून सव्वीस पिढ्या तोच धंदा आणि तेच आडनाव. पण अशी घराणी बोटावर मोजण्याइतकी. काकांना पडलेला प्रश्नच बहुतेकांच्या वाट्याला येतो.

आत्याबाईंना मात्र एक गोष्ट जरूर वाचून दाखवा. शॅम्पेनमधलं पिवळ्या लेबलाचं व्हव क्लिको माहीत असेल, 'व्हव' म्हणजे विधवा. १७७२ ला सासऱ्याने काढलेलं घर, १८०५ मध्ये नवरा गेला तेव्हा ही बाई २७ वर्षांची, बार्ब-निकोल तिचं नाव. त्या काळात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय धंदा करता यायचा नाही, विधवेला मात्र यायचा. म्हणजे तो शब्द तिच्याकडे दुखवट्याचा नव्हता, परवाना होता परवाना. आणि पुढे घराच्या पूर्ण नावात 'व्हव क्लिको पाँसार्दां' असं तिचं माहेरचं नावही आलं. बाटली उलटी करून गाळ तोंडाशी आणायची जी पद्धत आहे तीही याच बाईच्या तळघरातली. तेव्हा आडनाव बदललं म्हणून हक्क गेला वगैरे काही नाही.

माती_आधी

बुधलेराव मस्तच लिहिलंय, पण मला विचाराल तर माणसांची नावं हा नंतरचा मामला. आधी जमिनीला नाव असतं आणि ते कुणी बसून ठेवलेलं नसतं, कामाच्या सोयीने पडलेलं असतं. खालचा तुकडा, दगडाळ, उन्हाचा, तसं.

सासिकाया घ्या. इटलीतली एवढी मानाची वाइन, नावाचा अर्थ काय तर दगडगोट्यांची जागा, बास. आंतिनोरींची सोलाया म्हणजे उन्हाची बाजू. बोर्दोतलं लाफीत हे तिथल्या जुन्या बोलीतल्या टेकाड या अर्थाच्या शब्दावरून आलं. मुताँचंही मूळ तेच, उंचवटा, पण फ्रेंचमध्ये मुताँ म्हणजे मेंढा असाही अर्थ निघतो, आणि १८५३ मध्ये नाथानिएल रोथशिल्डने ती इस्टेट घेऊन आडनाव जोडलं आणि पुढे बॅरन फिलिप आला तो नेमका मेष राशीचा, मग काय विचारता, लेबलावर एडका आला तो कायमचा. टेकाडाचा मेंढा झाला आणि कुणाची तक्रार नाही.

माझं सगळ्यात आवडतं जर्मनीतलं आहे. मोझेल नदीच्या काठी वेलेन गावासमोर इतका खडा उतार की माणूस वेलीला धरून काम करतो. तिथे १८४२ मध्ये प्र्यूम घराण्यातल्या योडोकुस प्र्यूमने खडकावर एक भलं मोठं सूर्यघड्याळ बसवलं, का, तर मळ्यातल्या लोकांना वेळ कळावी, जेवायची सुट्टी कधी आणि घरी कधी. झालं, लोक त्या उतारालाच 'वेलनर झोननऊर' म्हणायला लागले, म्हणजे वेलेनचं सूर्यघड्याळ. पुढे १९११ मध्ये त्या घराची सात भावंडांत वाटणी झाली!! आजही दोनतीन वेगवेगळे प्र्यूम सापडतील, ओळखायला पुढे इनिशियल्स बघावी लागतात, पण उताराचं नाव सगळ्यांच्या बाटलीवर तेच. वेलीखालची ताई, तुमच्या काकांचा प्रश्न इथे आपोआप सुटतो बघा. आडनावाच्या वाटण्या झाल्या, घड्याळाच्या नाही झाल्या.

दक्षिण आफ्रिकेत कनोनकॉप म्हणून घरगुती इस्टेट आहे, तोफेची टेकडी. टेबल बे बंदरात जहाज आलं की या टेकडीवरून तोफ उडवायची, मग शेतकरी गाड्या जुंपून माल विकायला निघायचे. ती तोफ वाइनची नव्हती, भाजीपाल्याची होती म्हटलं तरी चालेल, पण लेबल झक्कास झालं.

चकणा_नको

सुला पण आईच्या नावावरून ना? राजीव सामंत यांच्या आईचं नाव सुलभा, त्यातलं 'सुला'. आत्याला दोन अक्षरं द्या आणि मिटवा.

बाकी चालू द्या, वाचतोय.

कागदी_घोडा

वरचे प्रतिसाद गोड आहेत, मी जरा मिठाचा खडा टाकतो. आडनाव लावायच्या आधी भांडणांच्या गोष्टी वाचा, कारण आपलंच नाव आपल्याला लावता येत नाही अशी वेळ लोकांवर आलेली आहे.

एक. गॅलो. कॅलिफोर्नियात १९३३ मध्ये अर्नेस्ट आणि ज्युलिओ या भावांनी वाइनरी काढली. तिसरा धाकटा भाऊ जोसेफ, आईवडील गेले तेव्हा तो लहान होता म्हणून या दोघांनीच त्याला सांभाळला. मोठा झाल्यावर त्याने गुरं पाळली आणि चीज विकायला लागला, वर नाव स्वतःचंच घातलं, जोसेफ गॅलो. थोरल्यांनी १९८६ मध्ये कोर्टात खेचलं. वाइनबरोबर लोक चीज खातात, म्हणून गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल म्हणे. त्याने उलटा दावा लावला की मग वाइनरीत माझाही तिसरा हिस्सा आहे. दोन्हीकडे हरला, चीजवरून गॅलो हा ब्रँड काढायला लागला. जन्माचं नाव!! आणि हेच गॅलो इटलीतल्या क्यांती क्लासिकोवाल्यांच्याही मागे लागले होते, कारण त्यांची खूण काळा कोंबडा आणि इटालियनमध्ये कोंबड्याला 'गालो' म्हणतात. कोंबड्याचं आडनाव कुणाच्या मालकीचं असतं हे मलाही तेव्हाच कळलं.

दोन. मोंदावी. आईवडिलांनी १९४३ मध्ये चार्ल्स क्रग नावाची जुनी वाइनरी घेतली आणि मूळ मालकाचंच नाव ठेवलं, शहाणी माणसं. पुढे रॉबर्ट आणि पीटर या भावांची १९६५ मध्ये जुंपली, अगदी हातघाईवर आली, रॉबर्ट बाहेर पडला आणि १९६६ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने वाइनरी काढली. नाव असं गाजलं की विचारू नका. मग कंपनी शेअर बाजारात गेली आणि २००४ मध्ये विकली गेली, नावासकट. म्हातारा जिवंत, मुलं त्याच धंद्यात, आणि 'रॉबर्ट मोंदावी' ही अक्षरं दुसऱ्याची. मग टिम आणि मार्सिया या मुलांनी बापाला बरोबर घेऊन नवीन सुरुवात केली त्याचं नाव काय ठेवलं, 'कंटिन्युअम'. अखंड धारा असं समजा. आडनाव विकून झालं होतं, मग दुसरं काय ठेवणार.

तीन, हे घरगुती भांडण नाही पण सोडवत नाही. कॅलिफोर्नियातल्या नापामध्ये एक कडा आहे, शिकाऱ्यांपासून पळणाऱ्या सांबराने तिथून उडी मारली अशी दंतकथा, म्हणून स्टॅग्स लीप. आता मागे पुढे एकाच सुमाराला दोन शेजाऱ्यांनी तेच नाव घेतलं. १९७६ च्या पॅरिसच्या त्या प्रसिद्ध चाखणीत फ्रेंच वाइनला मागे टाकणारी लाल वाइन यातल्याच एकाची. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. शेवटी तडजोड कशावर झाली माहितीय? अपॉस्ट्रॉफीवर! एकाने तो टिंब एसच्या आधी लावायचा, एकाने एसच्या नंतर. म्हणजे एकाचं एकच सांबर, दुसऱ्याची कळपाने. आणि पुढे त्या भागाला अधिकृत नाव मिळालं त्यात टिंबच नाही. समेट झाल्यावर दोघांनी मिळून एक वाइन केली तिचं नाव 'अकॉर्ड', म्हणजे समझोता. वकिलांच्या फीचं नाव कुठे आलं नाही.

मॉरल वगैरे काही सांगत नाही. आडनाव लावणारच असाल तर ते कंपनीच्या मालकीचं की घराच्या आणि कुणी बाहेर पडला तर काय, एवढं आधी कागदावर घ्या.

वेलीखालची

कागदी_घोडा, तुमचा प्रतिसाद ग्रुपवर टाकला आणि दोन तास कुणीच काही बोललं नाही, आमच्या ग्रुपवर हे पहिल्यांदा झालंय. मग काकांनी नुसता अंगठा टाकला.

शातोचं काय पण? चुलतभाऊ विचारतोय. म्हणजे मीच विचारतेय त्याच्या वतीने.

जुना_बुधला

शातो म्हणजे महाल असलाच पाहिजे असं काही नाही, बोर्दोत कित्येक शातो म्हणजे साधं घर आणि मागे शेड. पण फ्रान्समध्ये त्या शब्दाला नियम आहे, द्राक्षं त्याच इस्टेटीची हवीत. आणि हे सगळे शब्द मुळात शेतीचेच, क्लो म्हणजे भिंत घातलेला मळा, पोर्तुगालचा किंटा म्हणजे पाचवा हिस्सा, खंड म्हणून मालकाला पिकाचा पाचवा भाग द्यायचा त्यावरून वाडीलाच ते नाव पडलं. तुमच्याकडे अर्थ असलेला शब्द असताना दुसऱ्याचा अर्थ नसलेला कशाला.

उलटी_गंगा

अहो पण सगळंच इतकं गंभीर कशाला? थट्टेतून आलेली नावंही टिकतात की. कॅलिफोर्नियातल्या फ्रॉग्स लीपची सुरुवात बेडूक पाळायच्या एका जुन्या फार्मवर झाली, त्यांनी सांबराच्या उडीची बेडकाची उडी केली. दक्षिण आफ्रिकेत एकाने शेळ्या पाळलेल्या, तर त्याने वाइनला 'गोट्स डू रोम' नाव दिलं. मोठ्याने म्हणून बघा, कोत द्यु रोन ऐकू येतं. फ्रेंच भडकले आणि त्याची फुकट जाहिरात झाली.

आणि चिलीचा कासिएरो देल दियाब्लो, सैतानाचं तळघर. कोंचा इ तोरोच्या मालकाच्या तळघरातून बाटल्या चोरीला जायच्या म्हणून त्याने आवई उठवली की खाली सैतान राहतो. असं कंपनीच सांगते, खरंखोटं तो सैतान जाणे. पण चोर थांबले की नाही ते कुणी सांगत नाही, बाटल्या मात्र जगभर खपतायत.

ओला_कॉर्क

थोडं अनुभवाचं लिहितो. आमच्या मेव्हण्याने घरच्या वाइनरीला जवळच्या डोंगराचं नाव दिलं. सुंदर नाव, लेबलं छापून आली, हजारोंनी. ट्रेडमार्कचा अर्ज नंतर केला (इथेच चुकलं, आणि अर्ज भरायला उशीर करणारा मीच होतो, कुणाला बोल लावत नाही). तर आधीच कुणीतरी जवळपास तसंच नाव दारूच्या वर्गात, म्हणजे ३३ नंबरच्या वर्गात, नोंदवून ठेवलेलं. स्पेलिंग वेगळं होतं पण उच्चार सारखा, आणि बघतात ते उच्चारच. एवढी लेबलं गेली रद्दीत. तरी मेव्हणा माणूस चांगला, अजून बोलतो माझ्याशी.

म्हणून नुसतं गावाचं किंवा भागाचं नाव घेऊ नका. एक तर ते सगळ्यांचं असतं त्यामुळे नोंदवायला त्रास, आणि पुढेमागे त्या भागालाच संरक्षण मिळालं की तुमचं जाऊही शकतं. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन नावाचं एक खरंखुरं गाव आहे, पिढ्यानपिढ्या तिथे वाइन होते, त्यांना २००४ नंतर आपल्याच गावाचं नाव बाटलीवर लावता येईना. ऑस्ट्रेलियाच्या पेनफोल्ड्सची ती महागडी वाइन आधी 'ग्रेंज हर्मिटेज' होती, त्यातलं हर्मिटेज हे फ्रान्समधलं ठिकाण म्हणून १९९० च्या वाइनपासून काढून टाकावं लागलं, राहिलं नुसतं ग्रेंज. आणि ग्रेंज काय होतं, तर डॉक्टर पेनफोल्ड आणि त्यांची बायको मेरी यांचं राहतं घर, साधी दगडी कॉटेज. दुसऱ्याच्या जागेचं गेलं, स्वतःच्या घराचं टिकलं.

माती_आधी

ओला_कॉर्क +१. ताई, तुमच्या शेतातल्या तुकड्यांना घरात काय म्हणता ते सांगा ना. सुचवत नाही हां, विचारतोय.

वेलीखालची

हेच काल आईने विचारलं! आम्ही म्हणतो विहिरीकडचं, बांधावरचं, आणि सगळ्यात जुन्या वेली आहेत त्याला थोरला मळा. थोरला म्हणजे आकाराने नाही, तो सगळ्यात लहान आहे, आजीने पहिल्यांदा लावला म्हणून थोरला. हे मला काल कळलं, मी आजवर समजत होते की पूर्वी मोठा असेल आणि वाटण्यांत कमी झाला असेल. आजी रोज तिथे एक चक्कर मारायची म्हणे, काही काम नसलं तरी.

तर 'थोरला मळा'वर बाबा, काका, आत्या तिघंही गप्प बसलेत, आमच्यात गप्प म्हणजे होकार. आत्या म्हणाली आईचं नाव लावण्यापेक्षा हे बरं, तिला स्वतःचं नाव लागलेलं आवडलं नसतं. ३३ नंबरच्या वर्गात शोधायला भावाला बसवलंय, शातोचं प्रायश्चित्त.

आता नवीन लफडं. लेबलवाल्याने इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवलं आणि चुलतभावाच्या मित्राने ते वाचलं 'थोरला माला'. ळ चं काय करायचं?

कागदी_घोडा

ळ ला कुठलाच कायदा मदत करत नाही. मराठीत मोठं लिहा, इंग्रजीत खाली बारीक.

चकणा_नको

नाहीतर एक टिंब द्या कुठेतरी. नापावाल्यांचं भागलं ना.

माती_आधी

माला तर माला म्हणू देत. मुताँवाल्यांनी टेकाडाचा मेंढा खपवला, तुमच्या मळ्याची माळ झाली तर लेबलावर द्राक्षांची माळ काढा. पहिली बाटली भरली की फोटो टाका, आणि त्या लहानशा थोरल्या तुकड्याचाही.